बोलोन्याच्या कमानींखाली : एका इतिहासकाराच्या मागाने

पो नदीचे सपाट मैदान जिथे संपते आणि अपेनाइन पर्वताच्या पहिल्या टेकड्या जिथे सुरू होतात, नेमक्या त्या सांध्यावर बोलोन्या हे नगर वसले आहे. इ. स. पूर्व १८७ मध्ये रोमनांनी बांधलेला एमिलिया मार्ग आजही त्याच्या मध्यातून जातो. मिलान, फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि रोम ह्यांच्याकडे जाणारे लोहमार्ग इथेच एकमेकांना भेटतात. आपल्याकडील बहुतेक प्रवासी ह्या स्थानकावर गाडी बदलतात आणि पुढे निघून जातात. जगप्रसिद्ध चित्रांसाठी फ्लॉरेन्स आहे, कालव्यांसाठी व्हेनिस आहे. बोलोन्यात मुद्दाम उतरावे तरी कशासाठी, असा त्यांचा प्रश्न असतो. माझ्यापुरते त्याचे उत्तर एका प्राध्यापकाच्या पुस्तकांत होते. डेव्हिड कर्टझर हे त्यांचे नाव. अमेरिकेत, ऱ्होड आयलंड राज्यातील ब्राऊन विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. परंतु त्यांच्या विद्येचे माहेर म्हणावे ते हेच नगर.

बोलोन्याची पहिली ओळख होते ती कमानींनी. घरांचे वरचे मजले रस्त्यावर पुढे आलेले, त्यांना खालून खांबांचा आधार, आणि त्या खांबांमधून जाणारी सावलीची वाट. अशा वाटांची एकूण लांबी सुमारे ६२ किलोमीटर भरते आणि २०२१ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा मान दिला. मध्ययुगात येथील विद्यापीठाकडे दूरदूरचे विद्यार्थी येऊ लागले, लोकवस्ती वाढली, राहायला जागा पुरेना, तेव्हा लोकांनी आपापली घरे हवेत पुढे वाढवली. १२८८ सालच्या नगरनियमाने तर नव्या घराला अशी पडवी असणे सक्तीचेच केले. गंमत अशी की ह्या पडवीची मालकी घरमालकाची, पण तिच्यातून जाण्याचा हक्क सर्वांचा. घर कुठे संपते आणि गाव कुठे सुरू होते हे बोलोन्यात चटकन सांगता येत नाही. कर्टझर यांच्या साऱ्या अभ्यासाचा विषयही, थोडक्यात सांगायचे तर, हाच आहे.

ह्या नगराला इटालियन लोक तीन विशेषणे लावतात : विदुषी, लठ्ठ आणि तांबडी. विदुषी, कारण येथील विद्यापीठ आपला जन्म १०८८ सालचा सांगते. लठ्ठ, कारण येथील खाणे. ह्या दुसऱ्या विशेषणाशी आपल्या वाचकांचा संबंध बेताचाच येणार. मांसाच्या रश्शाविना जेवण पुरे न मानणाऱ्या ह्या गावात शाकाहारी माणसाला प्रत्येक पदार्थाची चौकशी करूनच हात पुढे करावा लागतो. तांबडी हे विशेषण मुळात विटांच्या आणि छपरांच्या रंगावरून आले, परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर त्याला राजकीय अर्थही चिकटला. १९४५ पासून पुढे कित्येक दशके येथील नगरपालिका कम्युनिस्टांच्या हाती होती. जुझेप्पे दोझ्झा हे त्यांचे महापौर १९४५ पासून १९६६ पर्यंत अधिकारावर होते.

ह्याच तांबड्या बोलोन्यात १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कर्टझर एक तरुण मानववंशशास्त्रज्ञ म्हणून येऊन राहिले. त्या काळी मानववंशशास्त्राचा अभ्यासक म्हटला की तो दूर अरण्यात वा एखाद्या बेटावर जायचा. ह्यांनी मात्र युरोपातील एका औद्योगिक शहराच्या कामगारवस्तीत बिऱ्हाड केले. त्यांना एक कोडे सोडवायचे होते. रोमच्या धर्मपीठाने १९४९ साली हुकूम काढून कम्युनिस्टांना धर्मबहिष्कृत ठरवले होते. तरीही बोलोन्यात तेच कामगार, त्याच खिशात पक्षाचे सभासदपत्र ठेवून, बाळाच्या बाप्तिस्म्याला आणि लेकीच्या लग्नाला चर्चमध्ये जात होते. हे कसे?

ह्याचे उत्तर त्यांनी ग्रंथांत न शोधता वस्तीत शोधले. पक्षाच्या शाखेतील बैठका, पक्षाचे उन्हाळी उत्सव, चर्चची मिरवणूक, लाल झेंड्यांनी निघालेली अंत्ययात्रा, हे सारे त्यांनी जवळून पाहिले. त्यांच्या ध्यानात आले की भांडण केवळ विचारांचे नाही; ते सणांचे, संस्कारांचे, माणसाच्या जन्ममरणाच्या प्रसंगी त्याच्या दारात कोण उभे राहणार ह्याचे आहे. पक्षानेही हे ओळखले होते, म्हणून त्याने आपले स्वतःचे सणवार उभे केले होते. आणि एकाच घरात नवरा शाखेत, बायको चर्चमध्ये, अशी विभागणीही सर्रास होती. हा अभ्यास १९८० साली ग्रंथरूपाने आला. त्यातील निष्कर्षांपेक्षाही मला त्यातील शांतपणा मोलाचा वाटतो. दोन्ही बाजूंच्या माणसांना लेखकाने हसण्यावारी नेलेले नाही.

पुढे मात्र ह्या अभ्यासकाने एक वळण घेतले. समोर बसून बोलणारी माणसे सोडून तो मेलेल्या माणसांच्या नोंदींकडे वळला. त्याच्या मनात घोळणारा प्रश्न होता एकत्र कुटुंबाचा. आपल्याला असे वाटते की एकत्र कुटुंब ही खास आपली गोष्ट आणि युरोपात पहिल्यापासून नवरा, बायको आणि मुले एवढेच घर. बोलोन्याच्या परिसरापुरता तरी हा समज पूर्ण चुकीचा आहे. ह्या भागातील शेती शतकानुशतके अर्धेलीची होती. जमीन शहरातील मालकाची, कष्ट कुळाचे, आणि पीक निम्मे निम्मे. शेतावरचे घरही मालकाचेच. साहजिकच जितके हात अधिक तितके मालकाला हवेच असत. त्यामुळे आईबाप, लग्न झालेले मुलगे, त्यांच्या बायका, नातवंडे असे मोठे खटले एका छपराखाली नांदे. घराचा कारभारी पुरुष बाहेरचे पाही आणि घरातील कारभारीण, जिला तिथल्या बोलीत ‘अझ्दोरा’ म्हणतात, ती चूल, कोंबड्या, कापड आणि सुना सांभाळी. हा शब्द त्या प्रांतात अजूनही आदराने वापरला जातो, आणि त्यात जरबही आहे.

ह्या कुटुंबांचा माग काढायला कर्टझर यांना दोन प्रकारची दप्तरे मिळाली. एक, पाद्रीबाबांची वार्षिक वही. तिला ‘आत्म्यांची स्थिती’ असे भारदस्त नाव आहे. दरवर्षी पाद्री घरोघर जाऊन कोण राहते, कोणाचे वय काय, कोण कोणाचा कोण, हे लिहून ठेवी. दुसरे, इटलीच्या एकीकरणानंतर नगरपालिकांनी सुरू केलेली लोकनोंदवही; तिच्यात जन्म, मृत्यू, लग्न आणि स्थलांतर ह्यांची नोंद जसजशी घडेल तसतशी होत जाई. अशा वह्यांवरून त्यांनी प्रथम शहराच्या वेशीबाहेरच्या बेर्ताल्या ह्या गावाचा आणि नंतर डेनिस होगन ह्यांच्यासह काझालेक्क्यो ह्या गावाचा इतिहास उभा केला. नुसत्या जनगणनेत दर दहा वर्षांनी एकदा माणसे दिसतात; ह्या वह्यांत तीच माणसे दरवर्षी दिसतात. थोरला मुलगा वेगळा कधी झाला, विधवा सून माहेरी गेली की सासरीच राहिली, म्हातारा बाप शेवटी कोणाच्या घरी होता, हे सारे कळते. कारखानदारी आली की एकत्र कुटुंब मोडते हे सरधोपट सूत्र ह्या नोंदींपुढे टिकत नाही. मजुरीवर जाणारी माणसेही कितीतरी काळ भावांसह, आईबापांसह राहत होती.

बेर्ताल्या आता शहराने गिळले आहे. वरून विमाने उतरत असतात. काझालेक्क्यो मात्र अजून आपला तोंडवळा राखून आहे. रेनो नदीवर तेथे मध्ययुगीन बंधारा आहे, आणि त्याच बंधाऱ्यावरून वळवलेल्या पाण्यावर एके काळी बोलोन्याच्या गिरण्या फिरत. मी दुपारच्या वेळी तिथे गेलो तेव्हा पाणी विटकरी रंगाचे होते आणि काठावर दोन आजोबा मोठ्याने कशावर तरी वाद घालत होते. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले. म्हणजे त्या आजोबांनी तरुणपणी ती पद्धत पाहिली असणार. आपल्याकडेही घराघरांत जुन्या पेढ्यांच्या चोपड्या, लग्नाच्या याद्या, वाटणीपत्रे पडून असतात. ती रद्दीत घालण्यापूर्वी कोणी वाचून पाहील काय, हा विचार तिथे मनात आल्याखेरीज राहिला नाही.

कुटुंबाच्या वह्या चाळताना कर्टझर यांना आणखी एक गोष्ट दिसली : आईबापांचे नाव नसलेली मुले. दाझेल्यो मार्गावर बोलोन्याचे जुने अनाथबालकगृह होते. अशा संस्थांच्या भिंतीत इटलीभर एक फिरते लाकडी चाक असे. बाहेरून कोणी रात्री त्यात बाळ ठेवायचे, चाक फिरवायचे, आत घंटा वाजायची. ठेवणाऱ्याचे तोंड कोणालाच दिसत नसे. हे दयेचे काम म्हणून सुरू झाले खरे. पण अविवाहित मातेला आपले मूल जवळ ठेवण्याची मोकळीकच नव्हती. घराण्याची अब्रू राखण्यासाठी पाद्री, सुईण आणि पोलीस मिळून ते मूल तिच्यापासून दूर करवीत. गरीब असेल तर तिला त्याच संस्थेत दूधदाई म्हणून राबावेही लागे. आणि आत गेलेल्या बाळांपैकी फार मोठा भाग पहिल्या वाढदिवसापर्यंतही पोहोचत नसे. ‘अब्रूसाठी बळी’ असा अर्थ होणारे नाव त्यांनी १९९३ सालच्या ह्या ग्रंथाला दिले, ते योग्यच आहे.

त्यानंतर पंधरा वर्षांनी ह्याच दप्तरातून त्यांनी आमाल्या बान्याकाव्हाल्ली ह्या डोंगराळ भागातील एका शेतकरी बाईची कथा लिहिली. बालकगृहातील बाळे खेड्यातील बायकांना पैसे देऊन दूध पाजायला दिली जात. १८९० साली असे एक बाळ आमाल्याने घरी आणले, आणि त्याच्यामुळे तिला उपदंशाची लागण झाली. निरक्षर आमाल्याने एका वकिलाच्या मदतीने त्या प्रतिष्ठित संस्थेवर दावा लावला. खटला वर्षानुवर्षे चालला. संस्थेच्या विश्वस्तांत नगरातील मातब्बर मंडळी होती, आणि ह्या बाईच्या बाजूला केवळ तिचे आजारी शरीर होते.

आता मी वाचकांना लामे मार्गावर नेतो. नगराच्या मध्यापासून वायव्येकडे जाणारा हा एक साधा रस्ता. ह्याच रस्त्यावर १८५८ साली मोमोलो मोर्तारा नावाचे एक ज्यू व्यापारी पत्नी मारियाना व मुलाबाळांसह राहत होते. बोलोन्या तेव्हा पोपच्या राज्यात होते. १५९३ साली ज्यूंना ह्या शहरातून घालवून देण्यात आले होते. नंतर नेपोलियनच्या काळापासून हळूहळू काही घरे परतली होती, आणि फार गाजावाजा न करता राहत होती. २३ जून १८५८ च्या संध्याकाळी पोपच्या पोलिसांनी मोर्तारांचे दार ठोठावले. त्यांनी मुलांची नावे एकेक करून विचारली आणि सहा वर्षांचा एडगार्डो आपल्या ताब्यात द्यावा असे सांगितले. कारण असे की तो आता ख्रिस्ती आहे.

घरातील ख्रिस्ती मोलकरीण आन्ना मोरीसी हिने, एडगार्डो तान्हा असताना आजारी पडला तेव्हा, तो मरेल ह्या भीतीने गुपचूप त्याच्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा दिला होता. ही गोष्ट कर्णोपकर्णी धर्मन्यायाधिकारी फेलेत्ती ह्यांच्यापर्यंत गेली. बाप्तिस्मा झालेले मूल ज्यू आईबापांकडे वाढू नये, असा तेव्हाचा कायदा. सान दोमेनिको ह्या मठात फेलेत्ती राहत. मुलाचे आप्त धावत तिथे गेले. फार विनवण्यांनंतर त्यांना एका दिवसाची मुदत मिळाली. दुसऱ्या संध्याकाळी मूल नेण्यात आले. रोमला, धर्मांतरितांच्या आश्रमात, आणि पुढे नवव्या पायस ह्या पोपच्या छायेत ते वाढले.

मी सान दोमेनिकोपासून लामे मार्गापर्यंत चालत गेलो. हे अंतर अर्ध्या तासाचेही नाही. त्या रात्री त्या आप्तांना ते किती लांब वाटले असेल! युरोपभर गहजब झाला, फ्रान्सच्या सम्राटाने शब्द टाकला, वृत्तपत्रे तुटून पडली. मूल मिळाले नाही. वर्षभरात बोलोन्यातील पोपची सत्ता संपली, आणि इटलीच्या एकीकरणाला जी सहानुभूती लाभली तिच्यात ह्या प्रकरणाचा वाटा होता असे कर्टझर दाखवून देतात.

त्यांचा आधार काय? नव्या राजवटीने २ जानेवारी १८६० रोजी फेलेत्तींना अटक करून खटला चालवला. वरिष्ठांच्या आज्ञेने वागल्याबद्दल ते निर्दोष सुटले. पण खटल्याचे कागद मागे राहिले. चेलेस्तिनी चौकातील जुन्या मठात आज सरकारी अभिलेखागार आहे, तिथे ते आहेत. मोलकरीण काय म्हणाली, तिने ज्याचे नाव घेतले तो वाणी काय म्हणाला, शेजारणी काय म्हणाल्या, सारे काही लिहिलेले. आन्ना म्हणते, बाप्तिस्मा कसा द्यायचा हे त्या वाण्याने शिकवले. वाणी म्हणतो, मी असे काही बोललोच नाही. दीडशे वर्षांनीही ह्या दोघांत खरे कोण, हे निश्चित सांगता येत नाही, आणि लेखक ते सांगण्याचा आव आणीत नाही. १९९७ साली हे पुस्तक आले. मानववंशशास्त्रज्ञ म्हणून वस्तीत राहिलेला माणूस जुने जबाब कसे वाचतो ह्याचा तो नमुना आहे : कोण काय बोलले ह्याबरोबरच कोणाला कोणाची भीती होती, हेही तो पाहतो.

नगराच्या मुख्य चौकालगत, नेपच्यूनच्या कारंज्याजवळ, एका भिंतीवर माणसांची लहान लहान छायाचित्रे लावलेली आहेत. १९४३ ते १९४५ ह्या काळात जर्मन व फॅसिस्ट सत्तेविरुद्ध लढताना बळी पडलेली ही स्थानिक मंडळी. त्यांत स्त्रियाही आहेत. २१ एप्रिल १९४५ रोजी बोलोन्या मुक्त झाले. ह्या भिंतीपुढे मराठी माणसाने थोडे अधिक थांबावे, कारण त्याच महिन्यात येथून पूर्वेस सेनिओ नदीवर मराठा पलटणी लढत होत्या. ९ एप्रिलला नगर जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव ह्यांनी जखमी सोबत्यांना नदीपार नेऊन पोहोचवले आणि शत्रूच्या मशीनगनची ठाणी एकट्याने निकामी केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. फोर्लीच्या भारतीय दफनभूमीजवळ दहन झालेल्या भारतीय सैनिकांचे स्मारक आहे, त्यावर आपल्याकडची नावे वाचता येतात.

कर्टझर यांचे वडीलही ह्याच युद्धात इटलीत होते. ते ज्यू धर्मगुरू. अमेरिकी सैन्याबरोबर आन्झिओच्या किनाऱ्यावर त्यांनी सेवा केली होती. मुलाच्या उत्तरायुष्यातील ग्रंथ ह्याच काळाभोवती फिरतात, ह्यात मला योगायोग वाटत नाही. अकराव्या पायसच्या काळातील कागदपत्रे व्हॅटिकनने २००६ साली खुली केली. पोप आणि मुसोलिनी ह्यांच्या देवाणघेवाणीवरील त्यांचा ग्रंथ त्यांतून सिद्ध झाला आणि त्याला २०१५ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. बाराव्या पायसचे दप्तर २ मार्च २०२० रोजी उघडले, आणि साथीमुळे आठवड्याच्या आतच दारे पुन्हा बंद झाली. तरीही २०२२ साली युद्धकाळातील पोपवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १६ ऑक्टोबर १९४३ रोजी रोममधून हजाराहून अधिक ज्यू पकडून नेले गेले, त्यांतले सोळाच परतले. ती माणसे व्हॅटिकनपासून हाकेच्या अंतरावर कोंडलेली असताना पोपने उघडपणे शब्द उच्चारला नाही, ह्यावर कर्टझर बोट ठेवतात. अनेक कॅथलिक अभ्यासकांना हा निवाडा कठोर वाटतो. उघड निषेधाने अधिक बळी गेले असते असे ते म्हणतात. मला कर्टझर यांचे बोलोन्याचे ग्रंथ ह्या रोमच्या ग्रंथांहून सरस वाटतात. रोममध्ये राजनीतीची माणसे आहेत, ती जपून बोलतात. बोलोन्याची मोलकरीण जपून बोलत नाही.

एडगार्डोचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. १८७० साली रोम इटलीच्या हाती आले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. वडील न्यायला आले. तो गेला नाही, रोम सोडून निघून गेला. तो पाद्री झाला, अनेक भाषांत प्रवचने देऊ लागला. १८७८ साली फ्रान्समधील पेरपिन्याँ येथे तो प्रवचनांसाठी आला असल्याचे कळताच मारियाना त्याला भेटायला गेली. वीस वर्षांनी आई आणि मुलगा समोरासमोर आले. मोमोलो तोवर हयात नव्हते. एडगार्डो ११ मार्च १९४० रोजी बेल्जियममधील एका मठात वारला.

त्याने १८८८ साली स्पॅनिश भाषेत आपल्या आठवणी लिहून ठेवल्या होत्या. त्यांची इटालियन आवृत्ती २००५ साली निघाली, आणि मुलाने सर्व काही आनंदाने स्वीकारले ह्याचा पुरावा म्हणून ती पुढे केली जाऊ लागली. कर्टझर यांनी रोममध्ये जाऊन मूळ हस्तलिखित पाहिले, ओळीस ओळ लावून ताडले, आणि छापील मजकुरात ठिकठिकाणी गाळगूळ व फेरफार असल्याचे २०१८ साली जाहीर केले. तेव्हा त्यांचे वय सत्तरीचे होते. बोलोन्यातील कामगारवस्तीत त्यांनी बिऱ्हाड केले होते त्याला जवळजवळ अर्धशतक लोटले होते, आणि ते अजून एका मुलाची वही वाचत होते.